शुक्रवारचे बाबा

वाळवंट बघायला जायची कल्पना मला मुळातच पटली नव्हती. शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तीच वाळू आठवडाभर नाकातोंडात जायची, डब्यातल्या उसळीत पडायची, उशीच्या अभ्र्यातून निघायची. तिला भेटायला सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून, पेट्रोल जाळत जायचं कशासाठी? हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं, पण ही हौस माझी नव्हती. मित्राचा शब्द मोडवेना म्हणून मी आपला गाडीत बसलो.

गोष्ट दोन हजार सालाच्या आगेमागेची. आम्ही एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये होतो. मी ड्रॉइंग काढायचो आणि माझा खोलीतला जोडीदार पत्र्याच्या कामाचा फोरमन होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, म्हणून इथेही तो मिस्त्रीच. तो गुहागरकडचा, समुद्राकाठचा. मी सांगलीकडचा, म्हणजे त्याच्या भाषेत घाटी. तिसरा आमचा भाई, रत्नागिरीच्या खाडीकाठच्या मुसलमान घरातला. शारजात त्याचं गाड्यांच्या जुन्या पार्टचं दुकान होतं, मागे-पुढे चारी चाकांना जोर असलेली एक जुनी गाडी होती, आणि त्या गाडीवर भाईचा आपल्यापेक्षा जास्त जीव आहे असं त्याची बायको म्हणायची. तिला आम्ही भाभी म्हणायचो.

वाळवंटाचं ठरवलं मिस्त्रीने. त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. आमच्या खोलीत पलंगावर पलंग टाकून सहा पुरुष राहायचे, तिथे त्यांना ठेवायचा प्रश्नच नव्हता. भाईने आपल्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी करून दिली, आणि भाभीने त्या मायलेकींना माहेरी आल्यासारखं ठेवून घेतलं. सगळं छान होतं. फक्त मुलगी बापाला बाप मानायला तयार नव्हती.

त्यात तिची काही चूक नव्हती. मिस्त्री इकडे आला तेव्हा ती पाळण्यात होती. ती दुडूदुडू चालायला लागली तेव्हा तो एकदा सुट्टीवर जाऊन आला, पण ते तिला आठवणं शक्य नव्हतं. त्यानंतरच्या सुट्टीचे पैसे घराच्या स्लॅबमध्ये गेले, म्हणून तो गेलाच नाही. तिला बाबा माहीत होते ते फोनमधले.

आमच्या कॅम्पजवळच्या टेलिफोन बूथसमोर दर शुक्रवारी रांग लागायची. हातात कार्ड, अंगात धुतलेला शर्ट, केसांना तेल. फोनवर कोण बघणार होतं, पण तरी सगळे नीट भांग पाडून यायचे. मिस्त्रीच्या वाडीत फोन एकच, पोस्टमास्तरांच्या घरी. तिथे पोरीला आधीच नेऊन बसवलेलं असायचं. फोन वाजला की पळत जाऊन तो उचलायचा मान तिचा. मी रांगेत त्याच्या मागे असायचो, त्यामुळे त्याचं बोलणं मला पाठ झालं होतं. एरवी मिस्त्री म्हणजे मुखदुर्बळ माणूस. चार शब्दांचं काम असलं तर दोनात भागवायचा. पण रिसीव्हर हातात आला की त्याचा आवाज वर चढायचा, गोड व्हायचा. "कोण बोलतंय गो? माझी चिमणी की पोस्टमास्तरांची मांजर?" असं तो अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारायचा. पलीकडून "चिमणी!" असं किंचाळणं यायचं, तेही मला ऐकू यायचं. मग मांजरीचे उद्योग, शाळा, आज काय जेवलीस. कार्ड संपत आलं की बूथमध्ये टूं टूं वाजायचं. मग मुलगी आजीने शिकवलेलं म्हणायची, "बाबा, मी ठेवते हं. जपून राहा." आणि ठेवायची. दर वेळी तीच आधी ठेवायची. मिस्त्री रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा राहायचा, आणि मागचे लोक "यल्ला, भाई, यल्ला!" म्हणून कावायला लागायचे.

विमानतळावर त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा मी आणि भाई त्याच्यासोबत होतो. मिस्त्री कसाबसा, एरवीच्या बारीक आवाजात म्हणाला, "ये गो चिमणे." मुलगी आईच्या साडीमागे गेली आणि तिथून म्हणाली, "चिमणी फक्त माझे बाबा म्हणतात." आम्ही सगळे हसलो. मिस्त्रीही हसला. त्यानंतर तो शब्द त्याने तिच्यासमोर पुन्हा काढला नाही.

हेच तुझे बाबा, असं तिला आईने सांगितलं, भाभीने सांगितलं. भाईच्या मुलांनीही "ही इज युवर डॅड ना, स्टुपिड!" असं त्यांच्या पद्धतीने सांगून पाहिलं. पोरीने कुणाशी वाद घातला नाही. ती मान डोलवायची आणि पुढच्या मिनिटाला त्याला काका म्हणायची. तिच्या लेखी भाई, मी आणि मिस्त्री, तिघेही काका. आणि शुक्रवार आला की भाईच्या हॉलमधल्या फोनशेजारी स्टूल ओढून बसायची. का, तर बाबांचा फोन येईल.

भाभीला राहवलं नाही. ती मिस्त्रीला म्हणाली, "मिस्त्रीभाई, तुम्ही खाली जाऊन एक फोन करा ना तिला. पोरीचं मन राहील." मिस्त्री कधी नव्हे तो चिडला. "पोर समोर असताना फोन करू? तेवढंच करायचं होतं तर तिला इथवर आणली कशाला, भाभी?"

व्हिसा संपायला आठवडा उरला. वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवता वाकवता मिस्त्री मला म्हणाला, "जायच्या आधी एकदा तरी मला बाबा म्हणाली पाहिजे रे. नाहीतर मी हे सगळं करतोय ते कुणासाठी?" मी "म्हणेल की," असं काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "तिला उंट दाखवू, हरणं दाखवू. दिवसभर गाडीत एकत्र राहिलो की लळा लागेल." एवढ्यासाठी ते वाळवंट. आता अशा माणसाला वाळूचा कंटाळा आलाय असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

भाभीने पहाटे बिर्याणीचा टोप बांधून दिला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून ती आली नाही. टोप आणि त्याचं झाकण मात्र जसंच्या तसं परत यायला हवं, असं भाईला बजावायला ती विसरली नाही. भाई गाडी चालवायला, मिस्त्री त्याच्या शेजारी, मागे मिस्त्रीची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती पोर. मिस्त्रीने तिला पुढे मांडीवर बसायला बोलावलं होतं. ती "नको काका, मी या काकांजवळ बसते," म्हणाली आणि माझ्या बाजूला सरकली. मी लहान मुलांशी गोड बोलत नाही, त्यांचे गालगुच्चे घेत नाही, म्हणून असेल, पण मुलं मलाच येऊन चिकटतात. त्या दिवशी मला अगदी चोरट्यासारखं झालं.

जबल अलीच्या क्रेन मागे पडल्या, अबुधाबी मागे पडलं, आणि रस्ता सरळ पश्चिमेला लागला. पेट्रोल पंपावर भाईने पाण्याच्या बाटल्या घेतल्या. "एका दिरहमला पाणी? म्हणजे बारा रुपये?" वहिनी म्हणाल्या. "आमच्या विहिरीची अब्रूच गेली की हो." भाई म्हणाला, "वहिनी, इथे हिशेब करायचा नाही. हिशेब केला की तहान लागत नाही."

तरीफजवळ आम्ही दक्षिणेला वळलो. तिथून लिवापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल कुंपण होतं आणि आत राखलेलं रान. ओळीने लावलेली झाडं, प्रत्येकाच्या बुडाशी काळी नळी. आमच्याकडे द्राक्षांना असतं तसंच ठिबक. सांगली सोडून इतक्या लांब आल्यावर ठिबक बघून मला कोण आनंद झाला! मी भाईला गाडी थांबवायला लावली. झाडांच्या सावलीला हरणं उभी होती. पोटाला पांढरी, अंगाने वाळूच्याच रंगाची, हलली तरच दिसणारी. आत जायची परवानगी नव्हती, म्हणून आम्ही जाळीला नाक लावून बघत होतो.

मिस्त्रीने संधी साधली. पोरीच्या काखेत हात घालून त्याने तिला उंच उचललं. "दिसलं का?" त्याने विचारलं. ती लाकडासारखी ताठ झाली. हरणाकडे न बघता ती त्याच्या मिशीकडे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "काका, खाली ठेवा." मिस्त्रीने तिला काचेचं भांडं ठेवावं तसं खाली ठेवलं. ती आली आणि तिने माझं बोट धरलं. मी मिस्त्रीकडे बघायचं टाळलं.

लिवाच्या पुढचे वाळूचे डोंगर बघून मात्र मी गप्प झालो, हे कबूल करतो. वर्कशॉपच्या दारात साचते ती वाळू वेगळी आणि ही वेगळी. तांबूस, स्वच्छ, वाऱ्याने विंचरलेली. मिस्त्री चपला काढून एका टेकाडावर चढला. वरून हात हलवले, आणि उतरताना तोल जाऊन जो गडगडला तो थेट आमच्या पायाशी. वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि त्यांना हसू आवरेना. पोरगीही हसली. "काका पडले! काका पडले!" मिस्त्री कानातली वाळू झटकत बसून राहिला. तिच्या हसण्याने त्याचा चेहरा उजळला होता आणि शब्दाने पुन्हा उतरला, हे मला स्पष्ट दिसलं.

एका झाडाखाली आम्ही जेवायला बसलो. भाई म्हणाला हे घाफचं झाड. वहिनींनी पान चुरडून बघितलं आणि म्हणाल्या, ही तर आपली शमी. त्यावर दोघांचा थोडा वाद झाला. मिस्त्री पोरीला लिंबू पिळून देत होता, पाणी हवं का विचारत होता, उन्हात बसू नको म्हणत होता. एखादा वेटर विचारेल तसं. त्याच्याकडे शुक्रवारी रांगेला हसवणारा जो माणूस होता, तो कुठे गेला होता कुणास ठाऊक. वहिनींच्याही ते ध्यानात आलं असावं. तो हात धुवायला उठला तेव्हा त्या मला म्हणाल्या, "भावोजी, खरं सांगू? मलासुद्धा हे माणूस नवंच आहे. इकडे यायच्या आधीही नोकरी परगावीच. लग्न झाल्यापासून आम्ही एकत्र राहिलो ते दिवस मोजले तर एक पावसाळा भरायचा नाही. मी मोठी आहे म्हणून मला कळतं. तिला काय कळणार?" मला त्या बाईचं फार वाईट वाटलं. त्या मात्र उठून टोप झाकायला लागल्या.

परतताना हमरस्त्याला लागलो तेव्हा दुपार कलायला आली होती. उजव्या... नाही, डाव्या हाताला लांबवर समुद्राची निळी रेघ दिसली. गाडी पूर्वेला तोंड करून चालली होती, म्हणजे डावीकडेच. पोर इतका वेळ पेंगत होती, ती एकदम उठून बसली. "आई, समुद्र! आपल्याकडचा?" मिस्त्रीने वळून तिच्याकडे बघितलं, आणि त्याच्या अंगात वारं शिरलं.

"भाई, घाल गाडी आत," तो म्हणाला. हमरस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये पांढरट, सपाट, ओलसर माळ पसरला होता. पापडासारखा एकसारखा. मी म्हणालो, "अरे, इथे रस्ता नाही, चाकोरी नाही, कशाला?"

"तू घाटी माणूस, तुला काय समुद्राचं कळतं?" मिस्त्री म्हणाला. "ओली वाळू घट्ट असते. आमच्या वाडीत ओहोटी लागली की किनाऱ्यावरून जीप पळवतात."

आणि भाईने, ज्याने जन्मभर गाड्यांचे पार्ट काढले आणि विकले, त्याने मान डोलावली. "बरोबर आहे. कोरडी वाळू दगा देते, ओली नाही देत. माझं वऱ्हाड खाडीवरून तसंच आलं होतं." दोघे कोकणी एका बाजूला झाल्यावर माझं कोण ऐकतो? तीन-चारशे मीटर गाडी अशी गेली की मला माझ्या शंकेची लाज वाटली. मग खाली काहीतरी मऊ फुटल्यासारखं झालं आणि गाडी पुढच्या बाजूने शांतपणे खाली बसली.

त्या जमिनीला तिकडे सबखा म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. वर मिठाची पापडी आणि खाली राखाडी चिखल. आपल्या किनाऱ्यावर ओल म्हणजे भरवसा, आणि तिथे ओल म्हणजेच धोका. भाईने गिअर बदलून बघितले, तशी गाडी आणखी रुतली. खोदायला फावडं नव्हतं, म्हणून भाभीच्या टोपाचं झाकण काढलं. भाई झाकणाने चिखल उपसत होता आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "या चिखलातून निघू, पण घरी गेल्यावर मी कसा निघणार?" गाडीतली पायपुसणी चाकांखाली घातली, ती चिखलाने गिळली. मिस्त्रीच्या चपलाही रुतल्या. त्या उपसून त्याने बाजूला टाकल्या.

मुलीसमोर शोभा झाली हे त्याला इतकं लागलं होतं की त्याने मान वर केली नाही. शेवटी हात पुसून त्याने भाईचा मोबाइल मागितला. "मी घातली, मीच काढतो. रस्त्यावर जाऊन कुणालातरी थांबवतो." भाई म्हणाला मी येतो, तर नको म्हणाला. आणि अनवाणीच निघाला, आमच्या चाकांच्या खुणांवरून, पांढऱ्या माळावर एकटा. माझ्या मनात आलं, या माणसाने महिनाभर काय काय करून पाहिलं आणि त्याच्या पदरात काय पडलं? मला रडूच यायला लागलं. मग मी भाईवर उगाच खेकसलो आणि झाकण हिसकावून खणायला लागलो.

माझा मोबाइल ऑफिसने दिलेला, विटेएवढा, तो मी सीटवर टाकला होता. पोर गाडीच्या उघड्या दारात बसली होती. बाटलीतलं पाणी थोडं थोडं ओतून ती मिस्त्रीच्या चपला धूत होती. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ गेला. भाई असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज पढून आला. आणि फोन वाजला. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. मी "वहिनी, घ्या" म्हणेपर्यंत पोरीने चपला टाकून फोन उचललासुद्धा. फोन वाजला की उचलायचा, तिचा मानच होता तो.

"हॅलो, कोण बोलतंय?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं लाईन गेली. मग त्या विटेतून एवढ्या जोरात आवाज आला की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. "कोण बोलतंय गो? माझी चिमणी की पोस्टमास्तरांची मांजर?"

"चिमणी!" पोर सीटवर उभीच राहिली. "बाबा! तुम्ही मागच्या शुक्रवारी फोन का नाही केलात? मी बसले होते!"

"चुकलं गो माझं. कार्ड नव्हतं. काय केलंस तू आज?"

"मी विमानातून आले. तुम्ही नव्हतात. आज हरणं बघितली. एक काका आहेत ना, ते वाळूतून पडले, धपाक! मग त्यांनी गाडी चिखलात घातली."

भाई खुणेने विचारत होता, मदत मिळाली का, मिळाली का. मी त्याला चिखलाच्याच हाताने गप्प बसवलं.

"कसे आहेत गो ते काका?" फोनमधून विचारणा आली.

पोरीने विचार केला. "बरे आहेत. पण बोलतच नाहीत."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग फोनमधून आलं, "कुठे आहेत ते आता?"

"चालत गेलेत. येतील. त्यांच्या चपला मी धुऊन ठेवल्यात."

रस्त्याच्या बाजूला एक पिकअप उभी राहिलेली मला दिसली. तिथून एक माणूस आमच्याकडे चालत येत होता. एक हात कानाला लावलेला. माळ इतका सपाट की तो दिसत होता पण जवळ येत नव्हता. पोर फोनवर मांजरीच्या पिल्लांचं सांगत होती, तिची नजर फिरता फिरता त्याच्यावर गेली.

"बाबा, ते काका येतायत," ती म्हणाली. "तेपण फोनवर बोलतायत."

तो माणूस थांबला.

"थांबले," ती म्हणाली. आणि मग जरा हळू, "बाबा?"

"काय गो?" फोनमधून आलं, आणि त्याच वेळी समोरूनही आलं. पोरीने फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं. मिस्त्री तिथेच उभा होता. मोबाइल त्याने कानापासून काढला नव्हता, तो काढला तर सगळं मोडेल अशी भीती असावी त्याला. तिथून, त्या शुक्रवारच्या आवाजात, तो ओरडला, "माझी चिमणी की पोस्टमास्तरांची मांजर?"

तिने फोन पुन्हा कानाला लावला. "बाबा, मी ठेवते हं," ती म्हणाली, आणि फोन माझ्या चिखलाच्या हातात दिला. पुढचं जपून राहा म्हणाली नाही. खाली उतरली, धुतलेल्या चपला उचलल्या, आणि जपून पावलं टाकत त्याच्यापर्यंत गेली. चपला त्याच्या पायाशी ठेवल्या. वर बघून विचारलं, "तुम्हीच का ते?"

मिस्त्रीने मान हलवली.

"मग आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

त्यावर मिस्त्री चिखलातच गुडघ्यांवर बसला आणि तिने त्याची मिशी हाताने चाचपून बघितली. भाई माशाल्ला, माशाल्ला म्हणत होता. मी शर्टाच्या बाहीला नाक पुसलं.

पिकअपवाला वाळवंटातला एक म्हातारा अरब, बद्दू होता, मागे दोन शेळ्या घेऊन निघालेला. तो कडक जमिनीवरच थांबला. दोर गाठी मारून मारून लांब केला आणि आम्हाला ओढून काढलं. "सबखा, हबीबी, सबखा!" एवढं बोलून तो पोट धरून हसला. भाईने पुढे केलेले पैसे त्याने घेतले नाहीत. उरलेली बिर्याणी मात्र घेतली, आणि झाकण चिखलाचं बघून आणखी हसला.

परतीच्या वाटेवर पोर पुढे होती, बापाच्या मांडीवर. मिस्त्रीचा आवाज सवयीने खाली आला की ती दटावायची, "मोठ्याने बोला!" मग तो ओरडून बोलायचा आणि भाई कानात बोट घालायचा. जाईपर्यंतचे सगळे दिवस त्या फ्लॅटमध्ये असाच आरडाओरडा चालला होता. शेजाऱ्यांना वाटलं असेल, मायलेकी जायच्या वेळी या घरात भांडणं लागली.

त्या गेल्या, आणि पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो. मिस्त्रीने भांग पाडला होता. रिसीव्हर घेऊन तो नेहमीसारखा ओरडला, "कोण बोलतंय गो? माझी चिमणी की पोस्टमास्तरांची मांजर?" पलीकडून किंचाळणं आलं नाही. मिस्त्री ऐकत राहिला. मग म्हणाला, "मांजर कशी आहे?" पुन्हा ऐकत राहिला. टूं टूं वाजायला लागलं. तो वाट बघत होता ते मला कळत होतं. शेवटी कार्ड संपून लाईन कट झाली.

"फक्त 'तुम्ही या' म्हणते रे," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "दुसरं काही बोलायलाच तयार नाही. आणि तिने ठेवलाच नाही." मागून कुणीतरी यल्ला, भाई म्हणालं. मी त्याच्यावर असा ओरडलो की रांग चूप झाली. मिस्त्रीने रिसीव्हर जागेवर ठेवला. "खलास," तो म्हणाला. "आता नाही राहायचं."

मी त्याला समजावलं. घराचा वरचा मजला व्हायचा होता, भावाचं कर्ज होतं, हे सगळं मीच त्याला आठवण करून दिलं. त्याने ऐकून घेतलं, आणि मे महिन्यात कायमचा गेला. वरचा मजला राहिला तो राहिलाच.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी घरी बोलून झालं तरी माझ्या कार्डात थोडं शिल्लक होतं. मी पोस्टमास्तरांचा नंबर फिरवला. मिस्त्रीला निरोप पोचला तर पोचला, असं म्हणून. फोन पोरीनेच उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी काका. शारजाहून."

"बाबा झाडावर चढलेत," ती धापा टाकत म्हणाली. "पोस्टमास्तरांचे आंबे काढतायत. बोलावू?"

मागे फांद्या हलल्याचा आवाज येत होता, आणि वरून मिस्त्री कुणालातरी मोठ्याने, अगदी मोठ्याने, टोपली सरकवायला सांगत होता.

"नको," मी म्हणालो. "राहू दे."

"मग मी ठेवते हं," ती म्हणाली, आणि ठेवून पळाली.